गुणाबाईचा अंगठा आणि आठ जणींची पात

मार्कंड्याच्या जत्रेत अगरबत्तीचे जे पुडे विकले जातात, त्यांतले बरेचसे गुणाबाईच्या गटाचे. आणि त्याच गुणाबाईला पौष लागल्यापासून स्वतःच्या देवापुढं आगपेटीची काडी ओढता येत नव्हती. काडी चिमटीत धरली की उजव्या अंगठ्याच्या बुडातून अशी कळ निघायची, की काडी आपसूक खाली पडायची. मग तिनं युक्ती काढली. सकाळी चुलीत सनकाडीचं टोक पेटवायचं, पदराआड धरून देवघरापर्यंत न्यायचं आणि दिवा लावायचा. नवरा मुखरूभाऊ ओसरीवर बसून हे रोज बघायचा. एक दिवस त्यानं विचारलंच, आगपेटीवर देवाचा राग झाला काय म्हणून. गुणाबाई म्हणाली, चुलीतला अग्नी जास्त सोवळा असतो. देवापुढं खोटं बोलल्याबद्दल तिनं लगेच कानाला हात लावला. डावा.

दुखणं लपवण्याला कारण होतं. मूल या तालुक्याच्या गावापासून दोन कोसांवरच्या त्या गावात, बंद पडलेल्या एका राइस मिलच्या गोदामात, आठ बायांचा हा अगरबत्तीचा गट चालत होता आणि त्याची पहिली खुंटी गुणाबाईनंच रोवली होती. घरोघरी फिरून तिनं बाया गोळा केल्या होत्या. दोन वर्षांमागं त्यांच्यातल्या एकीची कंबर धरली. अध्यक्ष इंदुताई मायेनं तिला म्हणाली, थोडा आराम कर. ती बाई आरामाला घरी गेली ती आजतागायत घरीच आहे. तिच्या जागी दुसरी आली. कोणी वाईट वागलं नाही, कोणी भांडलं नाही. पण तेव्हापासून 'आराम' या शब्दाचीच गुणाबाईनं धास्ती घेतली. पन्नाशी ओलांडेपर्यंत जी बाई रोवण्याच्या पातीत, म्हणजे भात लावणाऱ्या बायांच्या रांगेत, सर्वांत पुढं राहिली, जिनं गाणं उचलल्याशिवाय भाताच्या बांधीत कोणी रोपांची पेंढी सोडत नसे, तिनं आता ओसरीवर बसून नवऱ्याशी आगपेटीच्या गप्पा माराव्या? त्यापेक्षा अंगठा तुटला तरी चालेल, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

आणि नेमकी तिचीच सून हे सगळं उघडं करायला निघाली.

सून रीना राजुऱ्याची. चंद्रपूरच्या कॉलेजात एमटेकचं शेवटचं वर्ष, शनिवार-रविवार गावी. तिच्या प्रोजेक्टचा विषय असा, की कामगारांच्या कामांची अदलाबदल कॉम्प्युटरकडून अशी बसवून घ्यायची, की एकाच माणसाच्या एकाच अवयवावर दिवसभर भार पडू नये. एका कारखान्यात तिला हे करून बघायचं होतं, पण तिथं परवानगीचा कागद तीन महिने टेबलाटेबलांवर फिरत राहिला. एका रविवारी भाजी निवडताना ती सासूकडं बघून एकदम थांबली. म्हणाली, "आई, कारखाना तर आपल्या गावातच आहे."

त्या दुपारी रीना इतकं बोलली, की पालकाची जुडी तशीच राहिली. गोदामात कामं किती? बांबू फाडणं, काडी तासणं, मसाला मळणं, काडीला मसाला लावायच्या पायडलच्या दोन मशिनी, वाळवण, सुगंध, आणि वजन करून पुडे बांधणं. झाल्या आठ जागा. बाया आठ. दीड-दीड तासाच्या पाळ्या चार. एका पाळीत आठ जणींना आठ जागी बसवायच्या तऱ्हा चाळीस हजार तीनशे वीस. चारही पाळ्यांचा मेळ घातला तर एकोणीस अंकी आकडा होतो.

गुणाबाईनं विचारलं, "आन् तुही मशीन त्या साऱ्या तऱ्हा पाह्यते?"

तितका वेळ कोणाकडंच नसतो, रीना म्हणाली. मशीन कशीही एक मांडणी धरते. मग दोघींची जागा आपसांत बदलून बघते. जिच्या अंगावर सर्वांत जास्त भार पडतो, तिचा भार कमी झाला तर बदल ठेवते. पुन्हा दुसऱ्या दोघी. असं लाखो वेळा, आणि चहा उकळायच्या आत.

गुणाबाईला हसू आलं. रोवण्यात ती हेच तर करत आली होती. धुऱ्याकडची, बांधाच्या कडेची जागा सोपी, मधातली भारी. एक गाणं सरलं की ती दोघीतिघींना इकडच्या तिकडं करायची. कोणी आजारातून उठलेली असली, कोणाचं लेकरू अंगावर पीत असलं, तर तिला धुऱ्याकडं सरकवायची.

"सरकवायचं?" रीनानं वही ओढली. "काढून नाही टाकायचं?"

"पातीतून बाई काढत नाई, बापा," गुणाबाई म्हणाली. "सरकवतात. काढली तं मंग पात कायची?"

रीनानं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. गुणाबाई पालक निवडू लागली. सुनेनं काय लिहिलं हे तिला तेव्हा कळलं नाही.

इंदुताईनं परवानगी लगेच दिली. शिवरात्रीला पाच आठवडे होते, जत्रेची मागणी यंदा मोठी होती, आणि बायांचे हात संध्याकाळी आखडून जातात हे तिला दिसत होतं. रीनानं कॉलेजातून चार दिवस काढले. मोबाइलवर प्रत्येक कामाचं चित्रण केलं, कोणत्या कामात मान किती वाकते, मनगट किती वळतं, सगळं मोजलं. वाघाचा रस्तासुद्धा तिनं हिशेबात घेतला. सोमारी आणि तिची जाऊ वाघाच्या जंगलापलीकडच्या टोल्यावरून, छोट्या वस्तीतून येत, आणि पाचच्या आत दोघींनी सोबतच निघायचं हे ठरलेलं. शेवटच्या पाळीत पुड्यांवर बसलेली बाई उशिरा सुटते, म्हणून त्या जागी त्या दोघींपैकी कोणी नको, अशी अटच रीनानं घातली. सोमारीला फार गंमत वाटली. म्हणाली, चला, वाघाचंही नाव कॉम्प्युटरात गेलं.

मग रीनानं आठ कागद वाटले. कागदावर बाईचं चित्र, समोरून आणि पाठीतून. जिथं दुखतं तिथं खूण करायची, आणि किती दुखतं ते शून्य ते दहा अशा आकड्यात लिहायचं.

कागद परत आले. आठही चित्रं कोरी. आकड्यांच्या जागी आठ शून्यं.

रीना गोंधळली. पण तिथल्या कोणत्याही बाईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. ज्या कामावर घर चालतं, त्या कामानं हात दुखतो असं कागदावर लिहून द्यायचं? ते तर ताटातल्या अन्नाला नावं ठेवल्यासारखं. चारचौघींत आपलंच गाऱ्हाणं सांगणारी बाई तिथं हलकी समजतात. गुणाबाईनं तर शून्य इतकं गोल आणि ठळक काढलं होतं, की कागद मागून उमटला. डाव्या हातानं काढलं होतं, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही असं तिला वाटलं.

मशिनीला माणसाची रीत कुठून कळणार? तिला सांगितलं, कोणालाच काही दुखत नाही. तिनं मानलं. आठही बाया तिच्या लेखी सारख्या. तिनं जी मांडणी काढली, तिच्यात गुणाबाईच्या नावापुढं पहिल्या पाळीत तासणी, दुसरीत मसाला, तिसरीत पुन्हा तासणी. तासणी म्हणजे छोट्या सुरीनं काडीचा कूस काढायचा, आणि सुरीचा सगळा जोर अंगठ्यावर.

सोमवारी तक्ता भिंतीवर लागला. गोदामात लग्नघरासारखी गडबड. दीड तास झाला की रीना ताट वाजवायची आणि बाया उठून जागा बदलायच्या. सुगंधाच्या बाईला पायडल चालवताना हसू आवरेना. वाळवणावर पहिल्यांदाच आलेली इंदुताई म्हणाली की उन्हात उभं राहून कंबर मोकळी झाली. ताट, उठा, बसा, पुन्हा ताट. फुगडीत फिरल्यासारखं झालं सगळ्यांना.

पहिली पाळी गुणाबाईनं दात आवळून काढली होती. तिसऱ्या पाळीत ती पुन्हा सुरी घेऊन बसली. दहा काड्या झाल्या. अकराव्या काडीला सुरी हातातून निसटली. तिनं उचलली. पुन्हा निसटली. ती कोणाकडं न बघता मनातल्या मनात महादेवाचं नाव घेऊ लागली. तेवढ्यात शेजारी सुगंधाच्या ट्रेवर असलेली सोमारी उठली, पदर खोचत आली आणि म्हणाली, "सरक व, मले त्या वासानं भोवळ येऊन राह्यली. तू जाय तिकडे."

सोमारीला वासानं कधी भोवळ आली नव्हती. मोहाच्या दिवसांत चार चार तास मोहाच्या वासात वाकून फुलं वेचणारी बाई ती. पण गुणाबाई गुपचूप उठली.

चौथ्या पाळीचं ताट वाजवायला रीना उठली, तेव्हा तिनं भिंतीकडं पाहिलं, मग बायांकडं, मग परत भिंतीकडं. आठपैकी एकही बाई तक्त्याप्रमाणं बसलेली नव्हती. इंदुताई फाडणीवर हवी होती, ती पुडे बांधत होती. सोमारीची जाऊ पायडल सोडून वाळवणावर. सगळ्या खाली मान घालून, चोरी पकडली गेल्यासारख्या.

झालं, गुणाबाईला वाटलं. सुनेच्या चार दिवसांच्या मेहनतीवर पाणी पडलं, तेही आपल्यापासून सुरुवात होऊन.

रीना मात्र वही घेऊन धावत सुटली. कोण कोणाच्या जागी गेलं, कोणी सुचवलं, ती ओळीनं विचारत गेली, आणि तिचा चेहरा उजळतच गेला. शेवटी ती सोमारीपुढं येऊन बसली. "मावशी, तुमचं काय दुखते ते नका सांगू," ती म्हणाली. "आईला तासणीवरून काऊन उठवलं, ते सांगा."

सोमारीनं गुणाबाईकडं पाहिलं, मग छताकडं.

"तिचा अंगठा गेला ना," ती म्हणाली. "पौषापासून. पाण्याचा गडवा डाव्या हातानं उचलते. देवाचा दिवा चुलीतल्या सनकाडीनं लावते. वेणी सोडून नुसती गाठ मारते. आमाले का दिसत नाई?"

आणि मग जणू तळ्याचं गेट उघडलं. इंदुताईचा खांदा वर जात नाही, ती दांडीवर लुगडं फेकून टाकते, नीट वाळत घालत नाही. सोमारीच्या जावेचा गुडघा पायडलवर कटकट वाजतो, मशिनीपेक्षा जास्त. सोमारीला स्वतःला मान वळवता येत नाही, रस्त्यानं कोणी हाक मारली तर बैलगाडीसारखी अख्खी वळते. स्वतःबद्दल एकही बोलेना, आणि शेजारणीबद्दल बोलताना एकही थांबेना. कोणी कोणाला चिमटे काढत होतं, कोणी पदरानं डोळे पुसत होतं, आणि मध्येच हसणंही चालू होतं. रीनानं पिशवीतून नवे कागद काढले. या वेळी प्रत्येकीनं बाकी सात जणींचे कागद भरायचे, स्वतःचा सोडून.

अर्ध्या तासात ढीग जमला. रीना एकेकीचे कागद वेगळे करत गेली. गुणाबाईच्या नावाचे सात. सातही चित्रांवर उजव्या अंगठ्याला गोल. सात, आठ, नऊ, नऊ, आठ, नऊ, आणि एकीनं अकरा लिहिलं होतं.

इंदुताईनं ते कागद हातात घेतले. एकेक बघत राहिली. गुणाबाईला तिच्या चेहऱ्यावर ती जुनी माया दिसली, कंबर धरलेल्या बाईकडं बघताना होती तशीच. आता तो शब्द येणार. तो येण्याआधीच गुणाबाई उठून उभी राहिली.

"इंदुताई, आराम कर म्हनू नको," ती म्हणाली. "घरी जाऊन मी का करू? मले सांगायचं होतं, पन सांगितलं नाई. तुमी काढलं तं मी जाईन. पन मी म्हनत नाई जातो म्हनून."

इंदुताईनं रीनाकडं पाहिलं. मांडीवरचा लॅपटॉप रीनानं वळवून सगळ्यांपुढं धरला. वरच्या बाजूला ओळी होत्या, त्यांतली पहिली मराठीत लिहिलेली. रीनानं ती वाचून दाखवली. पातीतून बाई काढत नाहीत, सरकवतात.

"ही पहिली अट आहे," ती म्हणाली. "आठ बाया, आठ जागा, कोणालाही वगळायचं नाही. बाकी साऱ्या अटी हिच्या खाली. आईनं पालक निवडता निवडता सांगितली होती. मशीन आता काढते म्हटलं तरी कोणाला काढू शकत नाही."

गुणाबाई खाली बसली. इंदुताईनं कागद खाली ठेवले आणि म्हणाली, "मंग दाब ना व बटन. पाहू दे आमाले."

आठ बाया लॅपटॉपभोवती दाटल्या. रीनानं सगळे आकडे भरले, अंगठे, खांदे, गुडघे, मान, वाघाचा रस्ता. बटण दाबलं. पडद्यावर एक आकडा उमटला आणि घसरू लागला. सर्वांत जास्त भार जिच्यावर, तिचा तो आकडा. एक्क्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. ऐंशी. बाया मोठ्यानं वाचू लागल्या. एकाहत्तर. चौसष्ट. चौसष्टवर अडला. हलेना. मग उलटा चढला, सदुसष्ट, सत्तर. सोमारीनं कपाळाला हात लावला. चांगला खाली आला होता आणि मशिनीनं घाण केली, असं तिचं म्हणणं पडलं.

रीना समजावायला तोंड उघडणार, तेवढ्यात गुणाबाईच बोलली. तिला ते एकदम दिसलं होतं, डोळ्यांपुढं जंगल उभं राहावं तसं.

"अवं, घाण नाई केली. तू मोह वेचतं ना? एका झाडाखाली फुलं दिसतात, म्हनून तिथंच घुटमळत राह्यली तं टोपलं अर्धंच भरते. कधी उघड्या जाग्यावरून चालत जा लागते, तिथी एक फूल नसते. चाललं, तं पुढं मोठं झाड भेटते. मशीन चालून राह्यली, चालू दे तिले."

रीना सासूकडं बघतच राहिली. कॉलेजात हीच गोष्ट समजायला तिला अख्खं सत्र लागलं होतं.

आणि आकडा पुन्हा वळला. सत्तर, बासष्ट, अठ्ठावन्न. बाया आता ओरडतच होत्या, जणू शंकरपटाच्या शर्यतीत बैलजोडी सुटली होती. बावन्न. सत्तेचाळीस. त्रेचाळीसवर येऊन तो थांबला आणि मग कितीही वाट पाहिली तरी हलला नाही. खाली तक्ता उमटला. गुणाबाईच्या नावापुढं पहिली पाळी वाळवण, दुसरी सुगंध, ट्रे डाव्या हाताला ठेवलेला. तिसरी वजनाचा काटा, तिथं अगरबत्ती जाळून बघायची परीक्षाही. चौथी पुन्हा वाळवण. तासणी कुठंच नाही. तासणी फिरत गेली ज्यांचे अंगठे धड होते त्यांच्याकडं, आणि कोणाकडंही सलग दोनदा नाही. सोमारीनं आपलं नाव बोटानं शोधलं. मानेचं काम एकच पाळी. शेवटच्या पाळीत ती आणि जाऊ, दोघी पुड्यांपासून लांब.

दुसऱ्या दिवसापासून ताट वाजलं की बाया तक्त्याप्रमाणंच उठत. पहिल्या आठवड्यात दोनदा चुकलं. एकदा इंदुताई खांद्याचं विसरून मसाल्यावर बसली आणि सगळ्यांच्या शिव्या खाऊन उठली. रीना रविवारी यायची, शेजारणींचे कागद पुन्हा भरून घ्यायची आणि मशीन पुन्हा चालवायची. एका शनिवारी ती सासूला मूलच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी अंगठ्याला पट्टा दिला आणि या हातानं सुरी धरू नका म्हणाले. गुणाबाईनं त्यांना सांगितलं, ते मशिनीनं आधीच सांगितलं. मुखरूभाऊला त्या दिवशी सगळं कळलं. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, की सोवळ्या अग्नीचं मला तेव्हाच खरं वाटलं नव्हतं.

शिवरात्रीला चार दिवस उरले तेव्हा मागणी पूर्ण झाली. शेवटच्या लॉटची परीक्षा राहिली होती. त्यातली एक अगरबत्ती पेटवून बघायची, धूर सरळ जातो का, राख वाकते का, वास टिकतो का. तिसरी पाळी होती आणि काट्यावर गुणाबाई होती. आधी ही परीक्षा आली की ती इंदुताईला हाक मारायची. त्या दिवशी तिनं हाक मारली नाही. पट्टा सोडून बाजूला ठेवला. काट्यापाशी आगपेटी होती, तीच उचलली.

सातही जणींनी ते पाहिलं आणि सातही जणी कामाकडं वळल्या. पायडल चालत होतं. सुरी चालत होती. कोणी मान वर केली नाही.

पहिली काडी मोडली. दुसरीनं नुसती ठिणगी टाकली. गुणाबाईनं अंगठा एकदा झटकला, तिसरी काडी काढली, मनात महादेवाचं नाव घेतलं आणि ओढली. पेटली. कळ आली, पण बारीक, सोसण्यासारखी. तिनं अगरबत्ती पेटवून खांबाच्या फटीत खोचली. धूर सरळ वर गेला.

मान न वळवता, सुरी चालवत, सोमारी तासणीवरून म्हणाली, "आता चुलीतली सनकाडी उरली का व? मुखरूभाऊले देजो, दात कोरतीन."

ताट वाजलं. चौथी पाळी. गुणाबाईनं पट्टा पुन्हा चढवला आणि वाळवणाकडं निघाली. जाता जाता तिनं गाणं उचललं, रोवण्यात उचलायची तसं. सात जणींनी मागून धरलं.